संपली म्हणालात ना ताई, मग हे नाचतायत कोण?

आजचा भाग माफीनाम्यापासून सुरू करतेय, सवय नाहीये पण करते.

मागच्या वर्षी आपण ईस्टर आयलंडवर एक भाग केला होता. जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. मोठमोठे दगडी पुतळे, एकही उंच झाड नसलेलं बेट, आणि मी एकदम गंभीर आवाजात म्हटलं होतं, "त्यांनी शेवटचं झाड तोडलं आणि ते स्वतःही संपले." मागे उदास बासरी वगैरे. भाग चांगला चालला. शेअर पण खूप झाला.

मग काही दिवसांनी एका श्रोतीचा मेसेज आला. सोबत एक व्हिडिओ. व्हिडिओत अंगाला माती फासलेली शंभरेक माणसं एका मैदानात नाचत होती, डोक्याला पिसं, कमरेला झाडाच्या सालीचं कापड, आणि आवाज असा की फोनचा स्पीकर फाटायचा बाकी. खाली तिने एवढंच लिहिलेलं: "संपली म्हणालात ना ताई, मग हे नाचतायत कोण?"

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर उत्तरच नव्हतं. म्हणून वाचायला बसले, आणि त्यातून हा भाग झाला.

तर आधी जागा नीट समजून घेऊ. बेटाचं तिथल्या लोकांच्या तोंडचं नाव रापा नुई. ईस्टर हे नाव एका डच कप्तानाने दिलं, याकोब रोखेफेन, कारण तो ५ एप्रिल १७२२ ला तिथे पोचला आणि त्या दिवशी ईस्टरचा रविवार होता. म्हणजे आपल्याकडे कुणी शिमग्याला रत्नागिरीत उतरला आणि गावाचं नाव 'शिमगा' ठेवून गेला, तसं. क्षेत्रफळ साधारण १६४ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी होतात त्याच्या निम्म्याहूनही कमी. चिलीचा किनारा साडेतीन हजार किलोमीटर लांब. चहूकडे पॅसिफिक.

आणि त्या व्हिडिओतलं जे होतं त्याचं नाव तापाती. तापाती रापा नुई. दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला, साधारण दोन आठवडे. फेब्रुवारी म्हणजे तिकडचा उन्हाळा.

तापातीत काय काय असतं ते सांगते, कारण मला स्वतःला यातलं काहीच माहीत नव्हतं. राणीपदासाठी मुली उभ्या असतात, पण सौंदर्यस्पर्धा समजू नका. प्रत्येकीच्या मागे तिचं अख्खं घराणं, नातलग, शेजारी, मित्र अशी फौज असते आणि प्रत्येक स्पर्धेचे गुण तिच्या खात्यात जमा होतात. चुलत्याने मासे जास्त पकडले, गुण. मावशीने शिंपल्यांची माळ सुरेख ओवली, गुण. कुणी लाकडात मूर्ती कोरली, कुणी शेतातली रताळी आणून मांडली, कुणी जुनी गाणी न चुकता म्हटली, सगळ्याचे गुण. एका मुलीला जिंकवायला आजीपासून भाच्यापर्यंत सगळ्यांना काहीतरी यावं लागतं.

यातला एक प्रकार आहे ताकोना. अंगावर रंगकाम. रंग दुकानातला नाही, बेटावरच्या मातीचा. तांबड्या मातीला ते कीएआ म्हणतात. अंगभर आकृत्या काढायच्या आणि मग परीक्षकांसमोर उभं राहून त्या आकृत्यांचा अर्थ त्यांच्या भाषेत सांगायचा. नुसतं रंगवून भागत नाही.

दुसरा प्रकार, हाका पेई. व्हिडिओ सगळ्यात जास्त याचेच फिरतात. केळीचे दोन खांब एकमेकांना बांधायचे, त्यावर उताणं झोपायचं आणि एका टेकडीच्या जवळजवळ ४५ अंशांच्या उतारावरून सोडून द्यायचं. ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही, अंगात लंगोटीएवढं वस्त्र. ताशी ८० किलोमीटरपर्यंत वेग जातो म्हणतात. हाडं मोडतात. पुढच्या वर्षी परत येतात.

तिसरा रानो राराकूच्या तळ्यात. रानो राराकू म्हणजे ज्या ज्वालामुखीच्या दगडातून ते सगळे पुतळे, मोआई, कोरले गेले तो. त्याच्या विवरात गोड्या पाण्याचं तळं आहे. तिथे आधी लव्हाळ्याच्या होडीतून तळं पार करायचं, मग खांद्यावर केळीचे दोन घड, साधारण वीस किलो, घेऊन अनवाणी धावायचं, आणि शेवटी लव्हाळ्याच्या जुडग्यावर छाती टेकून परत पोहत यायचं. त्या जुडग्याला म्हणतात पोरा. तोतोरा नावाच्या पाणवनस्पतीचं करतात.

पोराचा फोटो बघितला आणि मला हसूच आलं. माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं. आम्हाला पोहायला शिकवलं ते कमरेला सुका भोपळा बांधून, आणि तो नाही मिळाला तर केळीचा खांब बगलेत. तोच आकार, तेच काम.

पण हा पोरा खेळातला नाही. किंवा फक्त खेळातला नाही. इथून आपल्याला मागे जायचंय.

बेटाच्या नैऋत्य टोकाला रानो काऊ नावाचा आणखी एक ज्वालामुखी आहे. आतल्या बाजूला विवर, बाहेरच्या बाजूला सुमारे तीनशे मीटर खोल सरळ कडा, खाली समुद्र. या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या कडेवर दगडी घरांची एक वस्ती आहे, ओरोंगो. पन्नासच्या वर घरं. सपाट दगड एकावर एक रचून केलेली, वरून मातीने झाकलेली, आणि दारं इतकी बुटकी की पोटावर सरपटत आत जावं लागतं. बारा महिने तिथे कुणी राहत नसे. वर्षातले काही आठवडेच, आणि तेही एका पक्ष्यासाठी.

समोर समुद्रात तीन खडक आहेत. त्यातला मोठा, मोटू नुई, साधारण दीड-दोन किलोमीटरवर. वसंत ऋतूत, म्हणजे तिकडच्या सप्टेंबरच्या आसपास, तिथे मानूतारा नावाचा पक्षी अंडी घालायला यायचा. इंग्रजीत सूटी टर्न. आपल्याकडच्या सुरयांचा भाऊबंद. वरून काळा, खालून पांढरा, शेपूट दुभंगलेलं.

या पक्ष्याचं एक विलक्षण आहे. पिल्लू एकदा घरट्यातून उडालं की काही वर्षं जमिनीवर पाय ठेवत नाही. समुद्रावरच उडत राहतं. आणि समुद्रपक्षी असून त्याची पिसं पाण्यात नीट टिकत नाहीत, त्यामुळे बदकासारखं पाण्यावर बसून आराम करणं नाही. जमिनीवर येतो तो फक्त अंड्यासाठी. एका वेळी एकच अंडं.

आता हजारो किलोमीटर पाण्याच्या मधोमध राहणाऱ्या माणसांना हा पक्षी कसा दिसत असेल बघा. तुम्हाला बेटावरून हलता येत नाही, आणि हा कुठून तरी येतो, दरवर्षी येतो.

तर, या पक्ष्याच्या मोसमातलं पहिलं अंडं कोण आणतो यावर बेटाचा कारभार ठरायचा. वेगवेगळ्या कुळांचे पुढारी स्पर्धेत उतरायचे, पण स्वतः नाही. प्रत्येकाचा एक तरुण असायचा, त्याला म्हणत होपू. होपूने तो कडा उतरायचा, पोरा घेऊन शार्कच्या समुद्रातून मोटू नुईवर पोहत जायचं, तिथल्या गुहेत पक्ष्यांची वाट बघत दिवसेंदिवस बसायचं. पहिलं अंडं हाती लागलं की खडकावर चढून पलीकडे आपल्या मालकाच्या नावाने आरोळी ठोकायची: डोकं भादर, अंडं तुझं! मग अंडं कपाळाच्या पट्टीत बांधून परत पोहायचं, कडा चढायचा आणि अंडं न फोडता मालकाच्या हातात द्यायचं. मालक त्या वर्षाचा टांगाटा मानू, म्हणजे पक्षीमानव. डोकं आणि भुवया भादरायच्या, अंग रंगवायचं, आणि मग वर्षभर एका घरात एकांतात राहायचं. त्याच्या कुळाला मात्र वर्षभर मान, आणि दांडगाईसुद्धा.

होपूचं काय? होपू मेला तरी नाव मालकाचं. मला वाचताना सारखं हे खटकत होतं. त्यामुळे कुणी याला 'निसर्गाशी एकरूप झालेल्या लोकांचा सण' वगैरे म्हणायला लागलं की मी जरा सावध होते. हा सत्तेचा खेळ होता. पण त्या खेळाची वेळ पक्षी ठरवायचा, माणूस नाही. पक्षी उशिरा आला तर सगळे उशिरा.

हे सगळं आपल्याला माहीत कसं? बरंचसं एका बाईमुळे. कॅथरीन राउटलेज. इंग्लंडमधून नवऱ्याबरोबर 'माना' नावाच्या छोट्या जहाजातून १९१४ मध्ये ती तिथे पोचली आणि १९१५ पर्यंत राहिली. पुतळे मोजायला गेलेली, पण तिचं मोठं काम म्हणजे ती म्हाताऱ्या माणसांशी बोलली. महारोग्यांच्या वस्तीत जाऊनसुद्धा. तिथल्याच एका माणसाने, हुआन तेपानोने, तिला दुभाषा म्हणून मदत केली. पक्षीमानव झालेल्या माणसांची ऐंशीहून जास्त नावं त्या म्हाताऱ्यांनी तिला ओळीने सांगितली. तोंडपाठ. तिचं पुस्तक १९१९ मध्ये आलं.

पण ती पोचली तेव्हा ही स्पर्धा बंद होऊन पन्नासेक वर्षं झाली होती. शेवटची १८६६ किंवा १८६७ ची धरतात. का बंद झाली, इथेच माझी मागच्या वर्षीची चूक दडलेली आहे.

झाडं गेली, हे खरं. त्या बेटावर एकेकाळी मोठ्या ताडांचं रान होतं, ते उरलं नाही. माणसांनी शेतीसाठी तोडलं, होड्यांतून आलेल्या उंदरांनी बिया कुरतडल्या. पण माणसं संपली नाहीत. जंगल गेल्यावर त्यांनी जमिनीवर दगड पसरून ओल धरून ठेवली, गोल दगडी भिंतींच्या आडोशाला केळी आणि कंद लावले, आणि जगले. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये एक संशोधन आलं. पॅरिसच्या संग्रहालयात असलेल्या पंधरा जुन्या रापा नुई लोकांच्या अवशेषांचा जनुकीय अभ्यास. त्यात सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची खूणच सापडत नाही. उलट १८६० च्या दशकापर्यंत ती हळूहळू वाढताना दिसते.

आणि १८६० च्या दशकात काय झालं? १८६२ च्या शेवटी पेरूहून जहाजं आली. गुलाम पकडायला. काही महिन्यांत सुमारे १,४०० ते १,५०० माणसं धरून नेली. त्यात राजा, त्याचा वारस, आणि रोंगोरोंगो ही त्यांची लिपी जाणणारी माणसं. बाहेरून दबाव आल्यावर उरलेल्यांना परत पाठवायचं ठरलं, तर वाटेतच बहुतेक मेले. जेमतेम पंधरा माणसं परत पोचली, आणि त्यांच्याबरोबर देवी. देवीचा रोग. मग क्षय. १८७७ साली बेटावर मोजलेली माणसं किती? १११.

एकशे अकरा. आमच्या सोसायटीच्या ए विंगमध्ये याहून जास्त लोक राहतात.

मी मागच्या भागात झाडावर जेवढा वेळ बोलले, त्याच्या दहाव्या हिश्शाएवढंसुद्धा या जहाजांवर बोलले नव्हते. 'स्वतःच्या हाताने संपले' ही गोष्ट सांगायला सोपी असते, तिच्यात कुणी बाहेरचा दोषी नसतो. ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं.

पुढचंही सांगते, थोडक्यात. १८६८ मध्ये टोपेझ नावाचं ब्रिटिश युद्धजहाज आलं आणि ओरोंगोच्या एका घरात खांद्यापर्यंत पुरलेला एक मोआई उचलून घेऊन गेलं. होआ हाकानानाइआ. जवळजवळ अडीच मीटर उंच, चार टन वजन. याच्या पाठीवर पक्षीमानव कोरलेले आहेत. म्हणजे पुतळ्यांचा काळ आणि पक्ष्याचा काळ दोन्ही एकाच दगडावर. तो आजही लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये उभा आहे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये बेटावरची माणसं तिथे जाऊन त्याला परत मागून आली. मिळालेला नाही.

१८८८ मध्ये चिलीने बेट ताब्यात घेतलं. मग बेटच मेंढ्यांच्या कंपनीला भाड्याने. विसाव्या शतकात पन्नास वर्षं, १९५३ पर्यंत, बेटावर हजारोंनी मेंढ्या चरत होत्या आणि माणसं हांगा रोआ या एका गावात भिंतीच्या आत. स्वतःच्या बेटावर फिरायला परवानगी. कंपनी गेली तर नौदल आलं. नागरिक म्हणून हक्क, मतदान वगैरे मिळालं ते १९६६ मध्ये. आपल्याला स्वातंत्र्य मिळून तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती.

मेंढ्यांनी आणखी एक गोष्ट खाल्ली. तोरोमिरो. हे छोटं झाड फक्त या बेटावर व्हायचं आणि त्याच्या तांबूस लाकडात त्यांचे कोरक्ये मूर्ती कोरायचे. बरगड्या दिसणारी ती प्रसिद्ध लाकडी माणसं यातलीच. शेवटचं झाड रानो काऊच्या विवरात उरलं होतं. १९६० च्या सुमारास तेही गेलं. पण त्याआधी, १९५५-५६ मध्ये थॉर हेयरडालच्या मोहिमेने त्याच्या बिया नेलेल्या, आणि त्या स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या वनस्पती उद्यानात उगवल्या. ते झाड परत बेटावर रुजवायचे प्रयत्न अनेकदा झाले, सोपं जात नाहीये. तापातीत आज कोरीवकामाची स्पर्धा होते तेव्हा लाकूड बहुतेक दुसऱ्याच झाडाचं असतं.

आणि आता त्या श्रोतीचा प्रश्न.

तापाती काही हजार वर्षं जुना नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी, म्हणजे नागरिकत्व मिळाल्यावर लगेच, तिथे चिलीतल्या इतर गावांसारखा वसंतोत्सव सुरू झाला. राणी निवडायची, नाच-गाणी. मग त्यात हळूहळू बेटाचं स्वतःचं शिरत गेलं. याच सुमारास १९६७ मध्ये विमानतळ झाला, प्रवासी यायला लागले. १९७० च्या दशकात ओरोंगोची घरं विल्यम मलॉयच्या देखरेखीखाली पुन्हा उभी केली गेली. पोरा, माती, साल, पिसं, केळीचे खांब हे सगळं उत्सवात आलं. जाणकार लोक यावर एक प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे: हे खरं जुनं आहे, की पर्यटकांसाठी नव्याने बांधलेलं?

मी पण आधी तोच विचार केला. अंगाला माती फासून कॅमेऱ्यासमोर नाचणं, तिकिटं, हॉटेलं. आपल्याकडेही बघतो की आपण, दशावतार शहरात येतो तेव्हा तासाभराचा होतो.

पण काई काई बघा. हा दोऱ्याचा खेळ. बोटांत दोऱ्याचं वेटोळं अडकवून आकृती करायची, लहानपणी आपणही केलेलं असतं. तिथे प्रत्येक आकृतीबरोबर एक म्हणणी आहे, लयीत म्हणायची, तिच्यात एखाद्या पूर्वजाची किंवा जागेची गोष्ट. लिपी वाचणारी माणसं पेरूला नेली आणि मेली. लाकडी फळ्यांवरची ती अक्षरं आजही कुणाला वाचता येत नाहीत. पण आजीच्या बोटांतला दोरा कुणी जप्त केला नाही. १११ माणसांत ज्या काही आज्या उरल्या होत्या, त्यांच्याकडून तो खाली आला, आणि आज तापातीत त्याचे गुण मिळतात. त्यामुळे घरोघरी बारा-तेरा वर्षांची पोरं, ज्यांच्या तोंडी एरवी स्पॅनिश असतं, ती आजीपुढे बसून रापा नुईतल्या ओळी पाठ करतात. बहिणीला राणी करायचंय म्हणून. हेतू साधाच आहे, पण ओळी पाठ होतात.

यात एक गोष्ट मात्र कुणाला परत आणता आलेली नाही. मानूतारा. अंगावर रंगवलेला आहे, लाकडात आहे, ओरोंगोच्या खडकांवर शेकड्यांनी कोरलेले पक्षीमानव आहेत, टी-शर्टवर आहे. मोटू नुईवर मात्र पूर्वीचे थवे राहिले नाहीत. अनाकेनाच्या किनाऱ्यावरच्या उत्खननात हाडं सापडली त्यावरून या बेटावर एकेकाळी पंचवीस तरी जातींचे समुद्रपक्षी घरटी करत असावेत, आणि स्वतःचे रानपक्षी होते ते सगळे नामशेष झाले. बेटावर आज दिसणारे रानपक्षी बहुतेक माणसांनी बाहेरून आणलेले. २०१७ मध्ये बेटावरच्या लोकांनी मतदान करून आजूबाजूच्या समुद्राला संरक्षण द्यायचं ठरवलं, आणि पुढच्या वर्षी ते क्षेत्र जाहीर झालं. त्याच सुमारास राष्ट्रीय उद्यानाचा कारभारही त्यांच्या स्वतःच्या संस्थेकडे आला. ओरोंगोला जायचं तिकीट आता तीच माणसं फाडतात.

एक आठवण सांगते आणि थांबते. मी सातवी-आठवीत असेन, ऑगस्ट महिना, वेंगुर्ल्याला. रात्रभर वारा होता. सकाळी वाळूत एक पक्षी बसलेला, वरून काळा, खालून पांढरा, पंख अंगापेक्षा मोठे. हलेना. आजोबांनी हाऱ्याखाली ठेवला, पेडवे टाकले, त्याने तोंड लावलं नाही. पावसाळ्यात असे भर समुद्रातले सुरय वाऱ्याने कोकण किनाऱ्यावर येऊन पडतात, हे मला फार नंतर कळलं. त्यात सूटी टर्न पण असतात आणि त्याच्यासारखाच दिसणारा ब्रायडल्ड टर्न पण, जो आपल्या वेंगुर्ला रॉक्सवर घरटी करतो. आमचा कुठला होता ते आता सांगता येणार नाही. आजोबा म्हणाले, "ह्येका जमिनीची सवय नाय गो." दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी हारा उचलला, पक्षी उडाला, आणि समुद्राकडेच गेला.

जुना भाग मी डिलीट केलेला नाही. त्याच्या सुरुवातीला वीस सेकंदांची दुरुस्ती जोडली आहे, आणि बासरी काढून टाकली आहे. त्या श्रोतीला मेसेज केला, की नाचतायत ते त्या १११ जणांचे पणतू-खापरपणतू. तिचं उत्तर आलं, "हो ना. मला वाटलंच." बरोबर आणखी एक व्हिडिओ, यावेळी केळीच्या खांबावरून घसरणाऱ्या मुलाचा. तो पडतो त्यात. लिंक खाली देतेय, शेवटपर्यंत बघा, उठून हात हलवतो.

पुढच्या शुक्रवारी भेटू. तोवर कुणाच्या आजीला दोऱ्याच्या आकृत्या येत असतील तर व्हॉइस नोट पाठवा, आकृतीचं नाव आणि गाव सांगून.